साडेपाच मीटर उताराची दोन वर्षे

2019 च्या दसऱ्याला आम्ही दोघांनी मावळातल्या एका ज्येष्ठांसाठीच्या वसाहतीत सदनिकेची नोंदणी केली, तेव्हा माहितीपत्रकावर बावीस सुविधा छापलेल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे मी पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात तेहतीस वर्षे काढल्यामुळे यादी दिसली की खुणा करायची सवयच लागली आहे. भोजनगृह, वाचनालय, फिजिओथेरपी केंद्र, उपचारासाठीचा कोमट पाण्याचा तलाव, आपत्कालीन घंटा, प्रत्येक इमारतीला उद्वाहन (लिफ्ट) अशी सगळी नावे होती, आणि पुढे ताबा मिळाला तेव्हा यादीतली प्रत्येक गोष्ट जागेवर होती. एकही सुविधा खोटी निघाली नाही, हे मी सुरुवातीलाच सांगते, कारण आमच्या तक्रारीचे स्वरूप समजायला लोकांना नेमका इथेच वेळ लागतो. आमच्याकडे सुविधा होत्या, पण ज्यांच्यासाठी त्या केल्या त्यांना तिथपर्यंत पोचता येत नव्हते.

नोंदणीपूर्वी आम्ही जागा पाहायला तीनदा गेलो होतो. तिन्ही वेळा फाटकापासून नमुना सदनिकेपर्यंत बॅटरीवर चालणाऱ्या गाडीतून आम्हांला अदबीने नेले गेले, चहा दिला गेला आणि तसेच परत आणून सोडले गेले. त्या आवारात आम्ही शंभर पावलेसुद्धा चाललो नाही, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला चार वर्षे लागली. अशी जागा पाहायला जाणाऱ्यांना माझा पहिला सल्ला हाच की गाडी नम्रपणे नाकारा, जमल्यास एखादी भरलेली पिशवी हातात घ्या, आणि ज्या इमारतीत घर घेणार तिच्या दारापासून भोजनगृहापर्यंत पायी जाऊन या.

ताबा 22 एप्रिल 2023 रोजी, अक्षय्य तृतीयेला मिळाला. आमची सदनिका सी इमारतीत पाचव्या मजल्यावर आहे. पहिले दोन महिने उत्तम गेले. मग मावळातला पाऊस सुरू झाला. आमच्या इमारतीपासून भोजनगृह 210 मीटर लांब आहे आणि मधल्या वाटेवर कसलेही छप्पर नाही. जुलैमध्ये एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात काठी घेतल्यावर डबा धरायला तिसरा हात उरत नाही, त्यामुळे बी आणि सी इमारतीतली बहुतेक मंडळी घरीच खिचडी टाकू लागली. भोजनगृहाचे मासिक शुल्क मात्र सगळे भरत होते. बॅटरीची गाडी तोपर्यंत नादुरुस्त होऊन फाटकाशेजारी ताडपत्रीखाली उभी होती.

17 ऑगस्टच्या रात्री सव्वादोनच्या सुमारास माझे पती न्हाणीघरात पडले. आवाज ऐकून मी धावले आणि दार ढकलले, तर ते चार बोटांपलीकडे उघडेना. न्हाणीघराचे दार आत उघडणारे होते आणि माझे पती नेमके दाराला आडवे पडले होते. मी जोर लावला की त्यांच्या कमरेला धक्का बसे आणि ते कळवळत. कमोडशेजारी आपत्कालीन घंटेचे बटण होते, पण ते जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर बसवलेले होते. फरशीवर पडलेल्या माणसाचा हात तिथवर पोचत नाही. मी पलंगाशेजारचे बटण दाबले, तेव्हा खालून पहारेकरी वर आला आणि समोरच्या घरातले काका पक्कड आणि हातोडी घेऊन आले. काकांनी बिजागऱ्या काढून दार उतरवायचा विचार केला. पण आत उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्या आतल्या बाजूलाच असतात, त्या बाहेरून निघत नाहीत. शेवटी दाराचा खालचा भाग फोडून पहारेकऱ्याने हात आत घातला, त्यांचे पाय हळूहळू बाजूला सरकवले आणि मग दार उघडले. या सगळ्यात चाळीस मिनिटे गेली.

तेवढ्या वेळात 108 ची रुग्णवाहिका खाली येऊन उभी होती. तिच्यासोबतच्या दोघांनी स्ट्रेचर वर आणायला उद्वाहन उघडले, तर ते आत मावेना. नंतर मी स्वतः टेप लावून पाहिले तेव्हा उद्वाहनाची आतली जागा 130 बाय 110 सेंटिमीटर भरली, आणि स्ट्रेचरची लांबी तर दोन मीटरच्या आसपास असते. खुब्याचे हाड मोडल्याची शंका असलेल्या माणसाला बसवून नेऊ नये, असे ते दोघे सांगत होते. जिन्याच्या वळणावरही स्ट्रेचर आडवे फिरेना. अखेरीस पांघरुणाची झोळी करून चौघांनी त्यांना पाच मजले खाली उतरवले, आणि मी मागून, हातात चप्पल घेऊन, प्रत्येक पायरी मोजत उतरले. पायऱ्या मोजायचे तेव्हा काहीच कारण नव्हते.

शस्त्रक्रिया झाली आणि 9 सप्टेंबरला ते व्हीलचेअरवरून घरी आले. डॉक्टरांनी रोज फिजिओथेरपी सांगितली होती आणि केंद्र तर आमच्या आवारातच होते, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. केंद्र क्लब हाउसच्या पहिल्या मजल्यावर होते. निवासी इमारतींना उद्वाहने होती, क्लब हाउसला नव्हते. शिवाय क्लब हाउसच्या दाराशीच तीन पायऱ्या होत्या आणि त्यांच्या बाजूला, माहितीपत्रकातल्या शब्दाला जागण्यापुरता, एक उतार होता. त्या उतारावरून खुर्ची चढवायला दोन माणसे लागत आणि उतरवताना ती निसटू नये म्हणून चार. पहिल्या दिवशी उतरताना खुर्चीची पुढची चाके खालच्या फरशीच्या कडेत अडकली आणि ते जवळजवळ पुढे फेकले गेले. त्या दिवसापासून फिजिओथेरपिस्टला घरी बोलवावे लागले, दर वेळचे सहाशे रुपये देऊन.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता आमच्याच इमारतीत राहतात. नोव्हेंबरात त्यांनी मला उताराचे गणित समजावले. प्रत्येकी 15 सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे 45 सेंटिमीटर चढ. केंद्र सरकारच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे बारा भाग लांबीला एक भाग चढ असावा, म्हणजे इतक्या चढाला किमान 5.4 मीटर लांबीचा उतार लागतो. आमचा उतार दोन मीटरांचा होता. त्यासमोर शोभेचे कारंजे होते आणि कारंजे वाचवण्यासाठी उतार आखूड केला होता, हे अभियंता काकांनी पाहताक्षणी ओळखले. मग आम्ही दोघांनी एका रविवारी आवारभर फिरून मोजमापे घेतली. उपचाराच्या तलावात उतरायला पोहण्याच्या तलावासारखी उभी लोखंडी शिडी होती, म्हणजे ज्याचे गुडघे शिडी चढण्याइतके चांगले आहेत त्यालाच गुडघ्यांवर उपचार घेता येणार. बागेतल्या एकवीस बाकांपैकी एकालाही हात नव्हते. पाठ होती, पण हातावर भार देऊन उठायची सोय नव्हती. न्हाणीघराच्या दाराची मोकळी रुंदी 66 सेंटिमीटर आणि आमची व्हीलचेअर 64.

येथपर्यंतची हकिगत तशी कोणत्याही घरी घडेल. पुढची कागदांची आहे, आणि खरे तर तिच्यासाठीच मी लिहायला बसले.

आधी एका गैरसमजात आमचा जवळजवळ महिना गेला. करारनाम्याला जोडलेल्या आराखड्यात आवाराच्या कोपऱ्यात एक मोठा भूखंड ‘अ‍ॅमेनिटी स्पेस’ म्हणून दाखवलेला होता. आम्हांला वाटले, ही आमच्या सुविधांसाठी राखलेली जागा आहे आणि विकासकाने ती मोकळी ठेवून आपल्याला फसवले. प्रत्यक्षात विकास नियंत्रण नियमावलीतली ही जागा नियोजन प्राधिकरणाच्या नियमांखाली सार्वजनिक सोयींसाठी ठेवायची असते. माहितीपत्रकातल्या ‘अ‍ॅमेनिटीज’शी तिचा काहीही संबंध नसतो. शब्द एकच असल्याने हा घोळ मी नंतर इतरही वसाहतींत पाहिला आहे.

मंजूर नकाशात नेमके काय आहे हे पाहण्यासाठी 14 डिसेंबर 2023 रोजी मी माहिती अधिकाराचा अर्ज केला. महाराष्ट्रात अर्ज ठरलेल्या नमुन्यात, दहा रुपयांचे न्यायालयीन मुद्रांक लावून, एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत करावा लागतो. मी एकाच अर्जात नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला परवानगी असल्याचा दाखला) आणि उद्वाहनाची परवानगी अशी तीन वेगवेगळी प्रकरणे मागितली, आणि अर्ज परत आला. आयुष्यभर दुसऱ्यांचे प्रस्ताव त्रुटी काढून परत पाठवल्यावर आपला अर्ज परत आलेला पाहणे यात काही न्याय असावा. 8 जानेवारीला फक्त मंजूर नकाशाचा विषय घेऊन दुसरा अर्ज केला. 5 फेब्रुवारीला उत्तर आले की नकाशा ही त्रयस्थ पक्षाची माहिती असल्याने देता येत नाही. इथे बरेच जण थांबतात, आणि थांबू नये. उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे वीस रुपयांचे मुद्रांक लावून अपील करता येते. मी 20 फेब्रुवारीला केले. 28 मार्चच्या सुनावणीत अपील मान्य झाले आणि अभिलेख पाहू देण्याचा आदेश मिळाला. परंतु लोकसभेच्या निवडणुकीमुळे संबंधित कर्मचारी निवडणुकीच्या कामावर होते, त्यामुळे प्रत्यक्ष नकाशा मी पाहिला तो 21 मे 2024 रोजी.

त्या टेबलावर नकाशा उलगडला तेव्हाची गंमत सांगितलीच पाहिजे. क्लब हाउसच्या पहिल्या मजल्यावरच्या ज्या खोलीला आम्ही फिजिओथेरपी केंद्र म्हणत होतो, तिच्यावर नकाशात ‘भांडार’ असे लिहिलेले होते. शेजारच्या वाचनालयावर काहीच लिहिलेले नव्हते. आणि तळमजल्यावरच्या, थेट आवारात दार असलेल्या सगळ्यांत मोठ्या खोलीचे नाव ‘बहुउद्देशीय कक्ष’ असे होते. प्रत्यक्षात तिथे पत्त्यांचा अड्डा जमत असे. म्हणजे इमारत आधी एका सर्वसाधारण गृहप्रकल्पाची म्हणून आखली गेली, मंजूर झाली, आणि पुढे कधीतरी प्रकल्प ज्येष्ठांसाठी ठरल्यावर रिकाम्या खोल्यांना नावे वाटली गेली. हे माझे अनुमान आहे, पण नकाशा पाहून अभियंता काकांचेही तेच मत झाले. असे असेल तर आमच्या उणिवा कोणाच्या दुष्टाव्यातून आलेल्या नव्हत्या. आखणी करताना त्या कागदासमोर बसलेल्या कोणीही स्वतःला ऐंशी वर्षांचे समजून एकदाही फाटकातून आत येऊन पाहिले नव्हते, इतकेच.

प्रमाणित नकला घेऊन घरी आल्यावर माझ्या मुलाने फोनवर विचारले की महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदणी क्रमांकाखाली नकाशे नसतात का. असतात. तोच नकाशा तिथे नोंदणीपासून होता. अक्षरे पुसट, पण ‘भांडार’ हा शब्द वाचता येत होता. पाच महिने मी जे शोधले ते पाच मिनिटांत दिसले असते. शिवाय रेरा कायद्याच्या, म्हणजे ज्या स्थावर संपदा कायद्याखाली महारेरा चालते त्याच्या, कलम 19 प्रमाणे मंजूर नकाशाची माहिती विकासकाकडूनच मागण्याचा हक्कही खरेदीदाराला आहे. तरीही प्रमाणित प्रतीचा पुढे उपयोग झाला, म्हणून त्या महिन्यांचे मी फार वाईट वाटून घेत नाही. तुम्ही मात्र आधी संकेतस्थळ पाहा आणि नंतर मुद्रांक विकत घ्या.

त्याच मे महिन्यात महारेराने ज्येष्ठ नागरिकांच्या गृहप्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. वर्तमानपत्रात बातमी आली त्या सकाळी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पेढ्यांची चित्रे फिरू लागली. दारे किमान 900 मिलिमीटर रुंद असावीत, न्हाणीघराची दारे बाहेर उघडावीत, आधाराचे दांडे असावेत, मार्गिकेत पायऱ्यांऐवजी उतार असावेत, एका सलग जिन्यात बारापेक्षा जास्त पायऱ्या नसाव्यात, अशा आमच्या मनातल्याच गोष्टी त्यात होत्या. मी मूळ आदेश छापून घेतला आणि तीनदा वाचला. तो ‘ज्येष्ठांसाठी’ म्हणून पुढे विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांच्या विक्रीकरारासाठी होता. ताबा घेऊन वर्ष झालेल्या आमच्यासारख्यांना त्यावरून सरळ हक्क सांगता येत नव्हता. हे गटावर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आणि दोन दिवस माझ्याशी कोणी नीट बोलले नाही. परंतु केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाची सेवानिवृत्तांच्या घरांसाठीची आदर्श तत्त्वे 2019 मध्येच, म्हणजे आमची नोंदणी झाली त्याच वर्षी निघाली होती. ती बंधनकारक नसली तरी ‘तेव्हा असे काही ठाऊकच नव्हते’ या उत्तराला ती पुरेशी होती.

10 जूनला आम्ही विकासकाला पत्र दिले. 4 जुलैला दोन ओळींचे उत्तर आले: सर्व कामे मंजूर नकाशाप्रमाणे असून भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले आहे. हे उत्तर खरे होते आणि म्हणूनच त्याच्याशी भांडणे अवघड होते. नकाशाविरुद्ध बांधकाम असते तर प्रकरण सोपे झाले असते. आमचा आधार वेगळा होता. रेरा कायद्याचे कलम 12 जाहिरातीत आणि माहितीपत्रकात केलेल्या विधानांबद्दल विकासकाला जबाबदार धरते, आणि आमच्या माहितीपत्रकात ‘व्हीलचेअरने सर्वत्र ये-जा करता येईल असे आवार’ हे शब्द ठळक अक्षरांत छापलेले होते. ते माहितीपत्रक शहाण्णव घरांपैकी फक्त चार घरांत सापडले. बाकीच्यांनी ताबा मिळाल्यावर रद्दीत दिले होते. माहितीपत्रक, जाहिरातीचे कात्रण, विक्री प्रतिनिधीचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश, यांतले काहीही टाकू नका. करारनाम्यापेक्षा त्यांतच जास्त लिहिलेले असते. आमच्या करारनाम्याच्या परिशिष्टात सुविधांबद्दल ‘सुसज्ज क्लब हाउस’ एवढेच तीन शब्द होते.

21 जुलै 2024 रोजी, रविवारी, गुरुपौर्णिमेच्या दिवशी सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा घेतली. उपविधीप्रमाणे पाच पूर्ण दिवसांची नोटीस दिली होती. सभेचे ठिकाण क्लब हाउस असल्याने व्हीलचेअरवरचे सहा सभासद आत येऊ शकले नाहीत आणि सभा कारंजाजवळ खुर्च्या मांडून घ्यावी लागली. विषयाच्या गांभीर्यावर त्यानंतर कोणाला भाषण करावे लागले नाही. सरळ महारेराकडे तक्रार करायची की आधी महारेराच्याच सलोखा मंचात, म्हणजे विकासकाशी तडजोडीने वाद मिटवायच्या बैठकीत, जायचे यावर दीड तास चर्चा झाली. तक्रारीचे शुल्क पाच हजार रुपये आणि वेळ किती लागेल याचा भरवसा नाही. सलोखा मंचाचे शुल्क तेव्हा एक हजार होते, पण तिथे दोन्ही पक्षांची तयारी लागते. आमच्या सभासदांचे सरासरी वय पंचाहत्तरच्या पुढे आहे. एक आजी म्हणाल्या, ‘मला निकाल नको, उतार हवा आहे, आणि मी असेपर्यंत हवा आहे.’ ठराव सलोख्याचा झाला.

मंचापुढे जाण्यापूर्वी एका सुगम्यता तज्ज्ञ वास्तुविशारदाकडून आवाराची तपासणी करून घेतली. तिचे अठरा हजार रुपये ही या सगळ्या प्रवासातली सर्वांत मोठी रक्कम होती आणि मी ती खर्चायला सुरुवातीला विरोध केला होता, कारण मोजमापे आमच्याकडे होतीच. माझी चूक होती. त्या बाईंनी आमची पन्नास तक्रारींची यादी घेतली आणि तिचे तीन गट केले: पाडकाम न करता होणारी कामे, नकाशात बदल मागणारी कामे, आणि आता कधीच न होणारी कामे. उद्वाहन तिसऱ्या गटात गेले. इमारतीच्या सांगाड्यातली त्याची विहीरच तेवढी आहे, ती वाढत नाही. 17 ऑगस्टच्या रात्रीनंतर माझी सगळी लढाई मनातून त्या उद्वाहनासाठी होती, आणि ते पहिल्याच दिवशी यादीतून गेले. त्या संध्याकाळी मी अहवाल बंद करून ठेवला आणि दोन दिवस उघडला नाही.

अर्ज 12 ऑगस्टला ऑनलाइन भरला. विकासकाची संमती यायला वेळ लागला आणि पहिली बैठक 3 ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी पुण्यात झाली. समोर दोन सलोखाकार असतात, एक ग्राहक संघटनेच्या आणि एक बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या बाजूने आलेले. मला वाटले होते की न्यायालयासारखे वातावरण असेल, पण तिथे एक लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि भिंतीवर घड्याळ एवढेच होते. विकासकाच्या प्रतिनिधीने भोगवटा प्रमाणपत्र पुढे ठेवले. मी माहितीपत्रक पुढे ठेवले. पहिला तास याच दोन कागदांत गेला. मग व्यावसायिकांच्या बाजूच्या सलोखाकारांनी प्रतिनिधीला सहज विचारले, ‘तुमचे वडील या उतारावरून चढतील का?’ प्रतिनिधी काही बोलले नाहीत. ते त्यांचे कारंजे आहे, संचालकांच्या आवडीचे आहे, असे मात्र शेवटी त्यांनी सांगितले, आणि खोलीतले वातावरण थोडे हलके झाले.

दुसरी बैठक विधानसभा निवडणुकीच्या निकालानंतर, 25 नोव्हेंबरला झाली, आणि तिच्यात खरे भांडण आमचे आमच्यातच झाले. फिजिओथेरपी तळमजल्यावरच्या बहुउद्देशीय कक्षात आणायची असे विकासकाने लगेच मान्य केले, कारण त्यात त्याचा फारसा खर्च नव्हता. परंतु पत्ते खेळणाऱ्या मंडळींचे दोन प्रतिनिधी आमच्यासोबत आले होते आणि त्यांनी तिथल्या तिथे हरकत घेतली. आपल्याला पहिल्या मजल्यावर चढता येते म्हणून आपली जागा का द्यायची, असा त्यांचा मुद्दा होता. सलोखाकार आमच्याकडे कौतुकाने पाहत राहिले. घरी परतताना गाडीत तासभर कोणी बोलले नाही. पुढे पत्त्यांसाठी सी इमारतीच्या वाहनतळाजवळची एक खोली ठरली आणि हिवाळ्यात तिथे ऊन येते असे आढळल्यावर तो वाद मिटला. माझा व्यवहारी सल्ला असा की मंचापुढे जाण्याआधी आपापसातल्या देवघेवीचा ठराव लेखी करून घ्या.

18 डिसेंबर 2024 च्या तिसऱ्या बैठकीत संमतीच्या अटींवर सह्या झाल्या: नवा उतार दोन्ही बाजूंच्या कठड्यांसह, तलावात शिडीऐवजी रुंद पायऱ्या व दांडा, फिजिओथेरपीचे स्थलांतर, प्रत्येक इमारतीत जिन्यावरून रुग्णाला उतरवण्याची पट्ट्यांची खुर्ची, आणि बाकांना हात. मुदत 120 दिवसांची होती. अटींत प्रत्येक कामापुढे माप लिहून घ्यायला मी हट्ट धरला होता. ‘योग्य उतार’ असा मसुदा होता. मी तो ‘किमान 5.4 मीटर लांबीचा’ असा करून घेतला. लेखा विभागाने मला शिकवलेली ही एकच गोष्ट मला या प्रकरणात पूर्ण उपयोगी पडली.

न्हाणीघरांची दारे ज्याची त्याने बदलायची होती. आम्ही बाहेर उघडणारे, 80 सेंटिमीटर मोकळी रुंदी देणारे दार साडेअकरा हजारांत बसवले. त्यासाठी चौकट काढून भिंत थोडी फोडावी लागली. ज्यांना एवढे करणे शक्य नाही त्यांनी निदान बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी कडी बसवावी. घंटेच्या बटणाऐवजी दोरी ओढायचा स्विच बसवून मी त्याची दोरी थेट जमिनीपासून चार बोटांवर आणून सोडली आहे. त्याला सगळे मिळून एकशे ऐंशी रुपये लागले. बावीस सुविधांच्या यादीत एवढी स्वस्त दुसरी कुठलीच नसेल.

सामाईक खर्चाचा हिशेब असा झाला: तपासणीचे 18,000, पुण्याच्या तीन खेपांच्या गाडीचे 3,300, मंचाचे 1,000, झेरॉक्स आणि बांधणीचे 1,460, माहिती अधिकाराचे दोन अर्ज, अपील आणि नकला मिळून 242. एकूण 24,002 रुपये. शहाण्णव घरांत प्रत्येकी अडीचशे. वरचे दोन रुपये मी सोडून दिले, पण वहीत तसे लिहून ठेवले आहे.

संक्रांतीनंतर कामे सुरू झाली. 120 दिवस एप्रिलमध्ये संपले तेव्हा बाकांना हात बसले होते आणि तलावातले काम निम्मे झाले होते; कारंजे जागचे हलले नव्हते. मुदत टळल्याचे आम्ही लेखी कळवले आणि त्याची पोच घेतली. मे महिन्यात कारंजे निघाले. आषाढी एकादशीला, 6 जुलै 2025 रोजी, क्लब हाउसमध्ये भजन होते. माझे पती आता काठीवर चालतात, तरी त्या दिवशी ते मुद्दाम उतारावरून गेले. मधे एकदा थांबले, कठड्याला धरून वळले आणि म्हणाले की हा जरा लांबच झाला आहे.

भोजनगृहाच्या वाटेवरचे छप्पर मात्र अजून बाकी आहे. छप्पर घातले की ते बांधकामात धरले जाते आणि त्यासाठी सुधारित नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. रेरा कायद्याप्रमाणे अशा बदलाला दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते; शहाण्णवपैकी चौसष्ट सह्या हव्या होत्या आणि आमच्याकडे एकाहत्तर आहेत. परगावी मुलांकडे गेलेल्या सभासदांच्या सह्या टपालाने मागवायला सात आठवडे लागले. प्रस्ताव विकासकाने प्राधिकरणात दाखल केला आहे, आवक क्रमांक मी मागून घेतला आहे आणि पुढच्या आठवड्यात चौकशीला जायचे आहे. तोपर्यंत सी इमारतीचे डबे पहारेकरी पोचवतो. त्याच्यासाठी आम्ही वर्गणी काढून एक चांगला रेनकोट घेतला आहे.